परदेशीं बिऱ्हाड कोठें करावें?



परदेशीं कायमच्या वास्तव्यास निघालेल्या कुटुंबाची तयारी पाहिली म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानांत येते. नोकरीचा करार, प्रवेशाचा परवाना, विमानाचीं तिकिटें, सामानाचें वजन ह्यांचा खल महिनोन्‌महिने चाललेला असतो. परंतु तेथें उतरल्यावर शहराच्या कोणत्या भागांत बिऱ्हाड करावयाचें, हा प्रश्न बहुधा शेवटच्या आठवड्यांत निघतो आणि एखाद्या परिचिताच्या शब्दावर निकालांतहि निघतो. वास्तविक मुलांची शाळा, गृहिणीचा दिवस, सोबत आलेल्या वृद्ध आईवडिलांचें हिंडणेंफिरणें आणि महिनाअखेर शिल्लक राहणारा पैसा, हीं सर्व ह्या एका निर्णयाच्या मागून जातात. म्हणून आजच्या भाषणांत ह्याच प्रश्नाची थोडी फोड करावी असा माझा विचार आहे.

सर्व देशांस एकच नियम लागू पडत नाहीं. म्हणून उदाहरणासाठीं एकच शहर घेतों, तें ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न. २०२१ सालच्या तेथील शिरगणतींत भारतांत जन्मलेल्यांची संख्या पावणेसात लाखांच्या घरांत भरली, आणि देशाबाहेर जन्मलेल्या रहिवाशांत इंग्लंडच्या खालोखाल आपला क्रमांक लागला. ह्यांपैकीं सर्वांत मोठा वांटा व्हिक्टोरिया प्रांताचा, म्हणजे मुख्यतः मेलबर्नचा आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण आज तेथें संसार करीत आहेत. त्यांच्या पत्रांतून, आणि मुलीकडे मीं काढलेल्या कांहीं महिन्यांतून, जें समजलें तें येथें सांगतों.

प्रथम शहराची ठेवण पाहूं. पोर्ट फिलिप उपसागराच्या उत्तर टोकाशीं, यारा नदीच्या कांठीं हें शहर वसलें आहे. वस्ती पन्नास लाखांवर. परंतु मुंबईसारखें तें उंच चढलेलें नाहीं, आडवें पसरलेलें आहे. केंद्रापासून तीस-चाळीस किलोमीटर गेलें तरी एकमजली घरें आणि पुढेंमागें अंगण हाच देखावा. पूर्व आणि पश्चिम ह्यांच्यांत मात्र जमिनीपासूनच भेद आहे. पश्चिमेस आपल्या दख्खनसारखेंच ज्वालामुखीच्या काळ्या खडकाचें सपाट पठार आहे. माती चिकण, पाऊस कमी, जुनीं झाडें विरळ. पूर्वेस चढउतार, पाऊस अधिक आणि झाडी दाट. त्यामुळें जुनी व महाग वस्ती पूर्वेकडे अधिक, आणि टार्नीट, पॉइंट कुक, वेरिबी अशीं नवीं, तुलनेनें स्वस्त उपनगरें पश्चिमेकडे. आपलीं तरुण कुटुंबें दोन्हीकडे आहेत, आणि दोन्हीकडे तीं सुखानें राहातात. तेव्हां पूर्व चांगली कीं पश्चिम, असा प्रश्न विचारण्यांत अर्थ नाहीं. आपल्या कुटुंबाला कोणता भाग सोयीचा, एवढेंच पाहावयाचें.

तें पाहण्यास माझ्या मतें एक साधें माप आहे. घरांतील जें माणूस मोटार चालवीत नाहीं, त्याच्या पायांनीं उपनगर मोजावें. मिळवता पुरुष किंवा मिळवती स्त्री कोठेंहि राहिली तरी वाट काढते. तिच्या हातांत गाडी असते व दिवसाचे आठ-नऊ तास तिला समाज मिळतो. प्रश्न उरतो तो लहान मुलांचा, घरीं राहणाऱ्या जोडीदाराचा आणि आजी-आजोबांचा.

शाळेपासून आरंभ करूं. व्हिक्टोरियांत सरकारी शाळेंतील प्रवेश मुख्यतः राहत्या पत्त्यावरून ठरतो. प्रत्येक मुलास त्याच्यासाठीं नेमलेल्या शाळेंत जागा मिळण्याचा हक्क आहे, आणि शहरांत ती शाळा बहुधा घरापासून सरळ रेषेनें सर्वांत जवळची असते. ह्याचा परिणाम असा कीं रस्ता ओलांडून पलीकडच्या ओळींत घर घेतलें तर शाळा बदलूं शकते. प्राथमिक शाळेची हद्द निराळी आणि माध्यमिकेची निराळी. ह्या हद्दी दाखविणारा नकाशा शासनाच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळतो. घराचा पत्ता त्यांत घालावा आणि मगच करारावर सही करावी. दलालाच्या 'शाळा अगदीं जवळ आहे' ह्या वाक्यावर विसंबूं नये. शाळा जवळ असेलहि, पण ती आपली असेलच असें नाहीं.

कांहीं माध्यमिक शाळांची कीर्ति मोठी आहे. ग्लेन वेव्हर्ली, मॅकिनन, बाल्विन ह्या शाळांच्या हद्दींत शिरण्यासाठीं लोक घरांना चढा भाव देतात. ज्यांना तो झेपतो त्यांनीं तो खुशाल द्यावा. परंतु अनेक वर्षें फळ्यापुढें काढलेला मनुष्य म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. भाड्यापायीं आईबाप दोन-दोन पाळ्या करूं लागले आणि संध्याकाळीं मुलाशेजारीं बसावयास घरांत कोणी उरलें नाहीं, तर शाळेच्या कीर्तीनें तें नुकसान भरून निघत नाहीं. शिवाय हुशार मुलांसाठीं तेथें दुसरी वाट आहे. नवव्या इयत्तेपासून पुढें चालणाऱ्या चार निवडक सरकारी शाळा आहेत. त्यांत प्रवेशपरीक्षा देऊन शहराच्या कोणत्याहि भागांतील मूल जाऊं शकतें. त्यांपैकीं सुझॅन कोरी ही शाळा २०११ सालीं पश्चिमेस वेरिबी येथेंच निघाली. तेव्हां पांच वर्षांच्या मुलासाठीं आजपासून महागड्या हद्दींत धांव घेण्याचें कारण नाहीं.

शाळेच्या वर्षाचाहि विचार हवा. तेथील वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होऊन डिसेंबरांत संपतें, आणि त्या वर्षीं ३० एप्रिलपर्यंत पांच वर्षें पूर्ण करणारें मूल पहिल्या, म्हणजे 'प्रेप'च्या वर्गांत बसूं शकतें. आपल्याकडील परीक्षा उरकून मे-जूनमध्यें गेलेलें मूल तेथें वर्षाच्या मध्येंच वर्गांत जातें. तोंच वर्षअखेर घर बदललें, तर त्याला एका वर्षांत दोन शाळा व दोनदां नवे सोबती करावे लागतात. मोठ्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटते. इंग्रजी उच्चार न समजल्यामुळें मधल्या सुटींत भिंतीशीं उभ्या राहणाऱ्या मुलाला ती क्षुल्लक नसते. पहिलें घर तात्पुरतें असलें तरी, शक्य तों पुढचें घर त्याच शाळेच्या हद्दींत मिळेल अशा बेतानेंच तें निवडावें.

अगदीं नव्या वसाहतींत आणखी एक काळजी घ्यावी. विकासकाच्या रंगीत नकाशावर शाळा, बाग, दुकानें, स्टेशन सर्व काढलेलें असतें. त्यांतील किती आज उभें आहे आणि किती 'नियोजित' आहे, हें विचारावें. शाळा कोणत्या वर्षीं उघडणार ह्याचें उत्तर शिक्षण खात्याकडून मिळालें तरच तें खरें मानावें.

आतां वाहतूक. मेलबर्नचें ट्रामचें जाळें सुमारे २५० किलोमीटर लांबीचें, जगांत सर्वांत मोठें गणलें जातें. पण तें मध्यभागीं व पूर्वेकडे पसरलेलें आहे. टार्नीट किंवा पॉइंट कुक येथें ट्राम जात नाहीं. पॉइंट कुकमध्यें आगगाडीचें स्टेशनहि नाहीं. जवळचें विल्यम्स लँडिंग हें २०१३ सालीं झालें. टार्नीटला २०१५ सालीं स्टेशन झालें, पण तेथें थांबतात त्या जिलाँगच्या लांब पल्ल्याच्या गाड्या, आणि सकाळीं त्या भरून येतात. उलट पूर्वेकडील क्लेटन, बॉक्स हिल, ग्लेन वेव्हर्ली हीं उपनगरें लोकल गाडीच्या रुळांवर आहेत आणि स्टेशनाभोंवतींच त्यांचे बाजार आहेत. तेथें लहान घर मिळेल, अंगण मिळणार नाहीं. मात्र आजोबा एकटे जाऊन भाजी घेऊन येतील.

ह्या फरकाची किंमत जुलै महिन्यांत कळते. तो तेथील ऐन हिवाळा. सकाळीं साडेसातच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सायंकाळीं सव्वापांचला मावळतो. यजमान गाडी घेऊन कामावर गेलेले. घरांत तीन वर्षांचें मूल. दुकान दोन किलोमीटरांवर. बस अर्ध्या-पाऊण तासानें एक. शेजाऱ्यांचीं दारें बंद. अशा घरांत आपल्याकडील नोकरी सोडून गेलेली शिकलेली मुलगी सहा महिने काढते, तेव्हां चार शयनगृहांच्या त्या घराचें तिला फारसें कौतुक उरत नाहीं. बाहेरून आलेल्याला आपल्या परवान्यावर ठराविक मुदतीपर्यंतच मोटार चालवितां येते. पुढें तेथील परीक्षा द्यावी लागते. म्हणून दूरचें घर घ्यावयाचें तर दुसरी गाडी आणि दुसऱ्या माणसाचा परवाना ह्यांचा खर्च भाड्यांतच धरावा. असा हिशेब केला कीं स्वस्त उपनगर पुष्कळदां तितकें स्वस्त राहात नाहीं.

घरीं राहणाऱ्या मातेला आधार देणाऱ्या संस्था मात्र तेथें उत्तम आहेत, आणि त्या कोठें आहेत हें घर पाहतांनाच पाहावें. बाळाच्या जन्मापासून शाळेच्या वयापर्यंत त्याची वाढ तपासणारें माता-बाल आरोग्य केंद्र प्रत्येक नगरपालिका विनामूल्य चालविते. २०२३ पासून तीन व चार वर्षांच्या मुलांच्या बालवाडीची फी सहभागी संस्थांतून सरकार भरतें. सार्वजनिक वाचनालयांत लहानांसाठीं गोष्टींचा तास असतो, आणि तेथेंच बहुतेक नव्या मातांची पहिली ओळख होते. हीं तीन ठिकाणें बाबागाडी ढकलीत गांठतां येत असतील, तर त्या उपनगराला माझे शंभरांपैकीं साठ गुण आधींच मिळाले असें समजावें.

घराविषयीं थोडेंच सांगतों. तो देश दक्षिण गोलार्धांत आहे. मध्यान्हीचा सूर्य तेथें उत्तरेस असतो. आपल्या दिशांच्या समजुती येथेंच ठेवून जाव्यात. बसाउठावयाची खोली उत्तरेकडे उघडणारी असेल तर हिवाळ्यांत ऊन घरांत येतें. नाहीं तर दिवसभर शेगडी जाळावी लागते. भाड्याच्या घरांत मुख्य खोलींत पक्का बसविलेला तापक असावा, असा २०२१ पासून तेथें नियम आहे. तो चालू करून पाहावा. उन्हाळाहि विसरूं नये. ७ फेब्रुवारी २००९ रोजीं त्या शहरांत पारा ४६.४ अंशांवर गेला होता. झाडांची सावली ही तेथें शोभेची वस्तु नव्हे.

पहिलें वर्षभर घर विकत घेऊं नये, भाड्यानेंच राहावें, हें मी आग्रहानें सांगतों. भाडें आठवड्याच्या हिशेबानें सांगितलें जातें. सामान्य भाड्याच्या घराची अनामत एक महिन्याहून अधिक मागतां येत नाहीं, आणि ती मालकाच्या खिशांत न राहतां सरकारी खात्यांत जमा होते. भाडें बारा महिन्यांतून एकदांच वाढवितां येतें. घर ताब्यांत घेतांना त्याच्या स्थितीचा लेखी तपशील मिळतो. भिंतीवरचा प्रत्येक डाग त्यांत नोंदवून पांच कामकाजी दिवसांत परत द्यावा, म्हणजे सोडतांना वाद होत नाहीं. नवख्या माणसाजवळ तेथें पूर्वीं भाडें भरल्याचा दाखला नसतो. म्हणून नोकरीचें पत्र व पेढींतील शिलकेचा दाखला बरोबर न्यावा. न पाहिलेल्या घराचे पैसे मात्र येथून पाठवूं नयेत. आरंभीचे तीन-चार आठवडे तात्पुरत्या जागेंत काढून घर डोळ्यांनीं पाहावें: एकदां सकाळीं कामाच्या वेळीं, एकदां दुपारीं साडेतीनला शाळा सुटतांना, आणि एकदां अंधार पडल्यावर. शाळेच्या दारांत पंधरा मिनिटें उभें राहिलें म्हणजे पालक पायीं येतात कीं गाडींतून, एकमेकांशीं बोलतात कीं नाहीं, हें कोणत्याहि पुस्तकापेक्षां चांगलें कळतें.

राहिला प्रश्न आपल्या माणसांचा. डँडिनाँगच्या फॉस्टर स्ट्रीटवर भारतीय दुकानांची सबंध पेठ आहे. त्याच्या दक्षिणेस कॅरम डाऊन्सला शिव-विष्णूंचें देवालय आहे. गणेशोत्सवाला मराठी मंडळी लांबून एकत्र येतात. पहिल्या वर्षांत आपली भाषा बोलणारें एखादें घर हांकेच्या अंतरावर असणें हा मोठा धीर आहे; आजारपणांत मूल कोणाच्या स्वाधीन करावें ह्याचें उत्तर त्यांत असतें. परंतु पेठ आणि देवालय हीं आठवड्याचीं किंवा महिन्याचीं ठिकाणें होत. त्यांच्यासाठीं गाडींतून तासभर जाणें सोसतें. शाळेसाठीं रोज अर्धा तास जाणें सोसत नाहीं.

शेवटीं, मास्तराच्या संवयीस अनुसरून, एक घरचा अभ्यास देतों. निघण्यापूर्वीं एका कागदावर घरांतील प्रत्येक माणसाचें नांव लिहावें आणि त्यापुढें तेथील एका साध्या मंगळवारचा त्याचा दिवस, सकाळीं सातपासून रात्रीं नऊपर्यंत, तासवार मांडावा. कोण कोठें जाणार, कशानें जाणार, कोणाबरोबर बोलणार? ज्या नांवापुढचे रकाने रिकामे राहतील त्या माणसाला बोलावून विचारावें, आणि उपनगर ठरवितांना पहिलें मत त्याचें घ्यावें. बहुतेक घरांत तें मत आजवर कोणी विचारलेलें नसतें.