पिनो न्वार: थंड हवेचे द्राक्ष

इ. स. १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने गामे जातीच्या द्राक्षवेली उपटून टाकण्याचा हुकूम काढला. गामेचे पीक भरघोस येई. परंतु तिचे मद्य त्याला हीन वाटे. पिनो न्वार हीच जात त्याच्या मते या भूमीला शोभणारी होती. विपुलता आणि गुण यांच्यातील हा तंटा पूर्व फ्रान्समधील या प्रदेशात आजही मिटलेला नाही.

पिनो न्वारची साल पातळ आणि घड दाटीचे असतात. उष्ण हवेत ती घाईने पिकते. साखर वाढते, आंबटपणा ओसरतो व सुगंध मंदावतो. थंड हवेत पक्वता सावकाश येते, म्हणून दोन्ही टिकतात. मात्र वेलीचे डोळे लवकर फुटतात आणि वसंतातील एखाद्या गोठवणाऱ्या रात्रीत वर्षाचे पीक हातचे जाते. एप्रिल २०२१ मध्ये बर्गंडीतील शेतकऱ्यांनी मळ्यांत मेणबत्त्या पेटवून रात्री जागून काढल्या. तरीही मोठे नुकसान झाले.

मग असे मद्य स्वस्त कसे व्हावे? या द्राक्षाचा रंग रसात नसून सालीत असतो. म्हणून रस सालींसह आंबवतात आणि वर तरंगणारा सालींचा थर वरचेवर खाली दाबतात. पुढे मद्य ओकच्या पिंपात मुरते. बर्गंडीच्या २२८ लिटरच्या पिंपातून सुमारे ३०० बाटल्या भरतात. नवे पिंप महाग असते. जुनी पिंपे किंवा पोलादी टाक्या वापरल्यास खर्च वाचतो. नामांकित उतारांऐवजी पायथ्याच्या जमिनीतील द्राक्षेही घेता येतात. तेव्हा बाटलीवर मळ्याचे नाव न येता केवळ प्रदेशाचे नाव येते. ही काटकसर रास्त होय. वेलीवर घडांचा भार वाढवून केलेली काटकसर मात्र लपत नाही.

चव घेताना पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरावा. फिका, पारदर्शक रंग हा दोष नव्हे. तो या जातीचा धर्मच आहे. चेरी व रासबेरी यांचा वास, ताजा आंबटपणा आणि हलका तुरटपणा जाणवला पाहिजे. मुरंब्यासारखी गोडी आली, तर द्राक्षे अतिपक्व होती असे समजावे. घोट पाणचट लागून चव क्षणात विरली, तर बहुधा वेलीवर भार अधिक होता. थंडीने एक हंगाम बुडालेल्या शेतकऱ्याला पुढील वर्षी जादा घड न खुडण्याचा मोह होतो; त्याने तो आवरला की नाही, हे त्या घोटावरून कळते.