इंजेक्शन थांबले की भूक परतते

वजन उतरवणारी ‘मौंजारो’ आणि ‘वेगोव्ही’ ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात आली. तेव्हापासून ‘किती किलो उतरेल?’ हाच प्रश्न सगळीकडे ऐकू येतो. ‘किती दिवस घ्यावे लागेल?’ हे फारसे कोणी विचारत नाही.

भूक मारणाऱ्या औषधांचा पूर्वेतिहास तसा भीतिदायकच आहे. हृदयाच्या झडपा खराब होतात म्हणून फेनफ्लुरामाइन १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतले गेले. सिब्युट्रामिन तर आपल्याकडेही मिळत असे. हृदयविकार असलेल्यांमध्ये त्याने हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचे प्रमाण वाढते, असे दहा हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीत दिसले. २०१० मध्ये ते युरोप-अमेरिकेत बंद झाले, २०११ मध्ये भारतात. एवढा धोका पत्करून पदरात काय पडायचे? औषध नसलेल्या गोळीच्या तुलनेत जेमतेम चार किलोंची जास्तीची घट!

‘वेगोव्ही’तील सेमाग्लुटाइडचे तसे नाही. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक स्रवते आणि मेंदूला ‘पुरे’ असा निरोप जातो. हे औषध त्याचीच नक्कल करते. १,९६१ जणांवरील चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले. नुसत्या आहार-व्यायामाच्या सल्ल्यावर असलेल्यांचे अडीच टक्केही नाही. अर्थात ही सरासरी झाली. औषध घेऊनही सातांपैकी साधारण एकाचे वजन पाच टक्केसुद्धा कमी झाले नाही.

त्यांतल्या काहींवर इंजेक्शन थांबल्यानंतरही वर्षभर लक्ष ठेवले गेले. उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. यात रुग्णाचा आळस शोधू नये. रक्तदाबाची गोळी सोडली की दाब चढतो, तसेच हे. औषध भूक दाबून ठेवते, लठ्ठपणा मुळातून बरा करत नाही.

म्हणजे वर्षानुवर्षांचा खर्च आला. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता आली. काहींना पित्ताशयाचे खडेही होतात. चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून प्रथिने आणि वजने उचलण्याचा व्यायाम चुकवून चालत नाही.

आणि लग्न तीन महिन्यांवर आले म्हणून इंजेक्शन मागणाऱ्यांसाठी एक हिशेब. सेमाग्लुटाइडची मात्रा दर चार आठवड्यांनी थोडी थोडी वाढवतात. पूर्ण मात्रेपर्यंत पोहोचायलाच १६ आठवडे लागतात.