रस्त्याच्या कामात मधेच बदल करावा लागला तर?

अक्राणी तालुक्यात रस्त्याचे अंदाजपत्रक कितीही काळजीपूर्वक केले, तरी खोदाई सुरू झाली की वेगळे काहीतरी निघतेच. कागदावर मुरूम असतो, तिथे काळा पाषाण लागतो. मे महिन्यात कोरडा दिसलेला नाला जूनमध्ये दगडगोटे घेऊन उतरतो. खाली तापीकाठी शहादा भागात काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. नंदुरबार जिल्ह्यात कामात बदल येणार, हे गृहीत धरूनच सुरुवात करावी.

असा बदल पारखायला निर्णय-साहाय्य प्रणाली उपयोगी पडते. कामाची माहिती एका जागी ठेवून, ‘असे केले तर किती पैसा, किती दिवस, कोणता धोका’ हे पर्यायांनुसार शेजारी-शेजारी दाखवणारे हे साधन. नागपूर मेट्रोने त्रिमितीय आराखड्याला वेळ आणि खर्च जोडणारी मोठी संगणक प्रणाली वापरली. अक्राणीतल्या धडगावच्या तीन किलोमीटर रस्त्याला संगणकावरचा साधा एक्सेल तक्ताही पुरतो. आपण कनिष्ठ अभियंता असा, कंत्राटदार असा की ग्रामपंचायत सदस्य, पायऱ्या त्याच.

आधी मूळ योजना गोठवावी. मंजूर नकाशा, अंदाजपत्रक आणि वेळापत्रक यांची एक प्रत बाजूला ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही. पुढचा प्रत्येक बदल तिच्याशीच ताडायचा असतो. याच प्रतीत दुरुस्त्या होत गेल्या, तर काम मूळ खर्चाच्या किती पुढे गेले हे कोणालाच सांगता येत नाही.

दुसरी पायरी नोंदीची, आणि बहुतेक कामे इथेच फसतात. ‘आधी काम उरकू, कागद नंतर करू’ असे साइटवर सर्रास म्हणतात. मग तोंडी सूचनेवर मोरी बांधली जाते आणि बिलाच्या वेळी ती कोणी सांगितली यावर वाद होतो. म्हणून बदल दिसला त्याच दिवशी त्याला क्रमांक देऊन तारीख, साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर), कारण आणि स्थान-नोंदीसह फोटो टिपून ठेवावा. सातपुड्यात मोबाइलला रेंज नसते, तिथे कागदी वहीत लिहून संध्याकाळी तक्त्यात चढवावे. आठवड्याने भरलेल्या माहितीवर तक्ता उत्तर देईल, पण तोवर खड्डा बुजवून झालेला असतो.

मग परिणाम मोजावा. दर चालू राज्य दरसूचीतून घ्यावेत. जुनी दरसूची तक्त्यात तशीच राहून जाणे ही नेहमीची चूक आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ब-१ निविदेतील कलम ३८सुद्धा पाहावे. एखाद्या बाबीचे परिमाण निविदेपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त वाढले, की वरच्या भागाच्या दराचा प्रश्न वेगळा होतो. तक्त्यात ही मर्यादा आधीच घातली, तर ती ओलांडण्यापूर्वी इशारा मिळतो.

रस्त्याची आखणीच सरकणार असेल तर जमीन कोणाची हे तपासावे. वनहक्क कायदा, २००६ नुसार रस्त्यासारख्या सोयीसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. मात्र हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडता येत नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस लागते. ग्रामसभेला लागणारे दिवस वेळापत्रकात धरले नाहीत, तर कागदावर स्वस्त दिसणारा पर्याय पावसाळ्यात अडकतो.

आता पर्यायांची तुलना. समजा, नाल्यावर पाइप मोरी घालायची की स्लॅबची, हा प्रश्न आहे. दहापैकी गुण देऊ. पाइप मोरीला खर्चात ९, वेळेत ८, पावसात टिकण्यात ३. स्लॅब मोरीला ५, ५ आणि ९. खर्चाला ४० टक्के, वेळेला ३० आणि टिकाऊपणाला ३० टक्के महत्त्व दिले, तर पाइप मोरी ६.९ विरुद्ध ६.२ अशी जिंकते. टिकाऊपणाला ५०, खर्चाला ३० आणि वेळेला २० टक्के दिले, तर स्लॅब मोरी ७.० आणि पाइप मोरी ५.८. गुण तेच, निकाल उलटा.

म्हणून महत्त्व किती द्यायचे, हे पर्याय पाहण्याआधी ठरवून लिहून ठेवावे. आवडता पर्याय जिंकेपर्यंत टक्के हलवत बसणे हा या साधनाचा सर्वांत मोठा गैरवापर आहे. माझ्या मते डोंगरातल्या नाल्यावर टिकाऊपणाच वरचढ असावा. पुरातले दगड आणि ओंडके पाइप बुजवतात, मग पाणी रस्त्यावरून जाते आणि पाड्याचा दवाखान्याशी संबंध तुटतो. गावातल्या जुन्या माणसांना पुराची खूण विचारून तोही आकडा तक्त्यात घालावा.

तुलना मंजुरीच्या प्रस्तावाला जोडावी. खर्च मंजूर रकमेच्या फार पुढे गेला, तर ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते. विदर्भातील गोसीखुर्द सिंचन प्रकल्पाला १९८३ मध्ये ३७२ कोटी रुपयांची मान्यता होती. पुढे हा आकडा १८ हजार कोटींच्या वर गेला. एवढ्या वाढीची कारणे अनेक असतात, पण कोणत्या बदलाने किती वाढले हे त्या-त्या वेळी लिहिलेले असेल तरच नंतर तपासता येते.

मंजुरी आल्यावर मोजमाप पुस्तिकेतील नोंद आणि तक्त्यातील बदल-क्रमांक जुळतात का, हे पाहावे. पहिला पावसाळा सरला की त्या मोरीवर पुन्हा जावे, ती कशी टिकली ते त्याच ओळीत लिहावे, आणि शेजारच्या नाल्याचे अंदाजपत्रक करायला बसाल तेव्हा ती ओळ आधी वाचावी.