मळीतलं यीस्ट ठरवतं कसं, कोणतं जनुक चालू करायचं?

विषय ऐकायला अवघड आहे, पण सुरुवात आपल्या बीड जिल्ह्यातल्या उसापासूनच करू.

कारखान्यात साखर काढून झाली की मळी उरते. डिस्टिलरीत ती पाणी घालून पातळ करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट त्यातल्या साखरेचं अल्कोहोल करतं, पुढे त्याचंच इथेनॉल. मळीत ग्लुकोज असतं, फ्रुक्टोज असतं आणि सुक्रोजही असतं. ग्लुकोज यीस्टला थेट खाता येतं. सुक्रोज आधी फोडावं लागतं. ते फोडणारं एन्झाइम म्हणजे इन्व्हर्टेज, आणि ते बनवायची माहिती असते एसयूसी-२ या जनुकात.

१९९६ साली यीस्टचा पूर्ण जीनोम वाचून झाला. त्यात साधारण ६००० जनुकं आहेत. सगळी एकदम चालवली तर ऊर्जा फुकट जाणार. म्हणून गरज असेल त्याच जनुकाची आरएनए प्रत काढायची. या प्रत काढण्यालाच ट्रान्सक्रिप्शन म्हणतात.

भरपूर ग्लुकोज असलं की मिग-१ नावाचं प्रथिन एसयूसी-२च्या तोंडाशी जाऊन बसतं आणि प्रती निघणं जवळपास थांबतं. ग्लुकोज कमी झालं की एसएनएफ-१ हे एन्झाइम मिग-१ला फॉस्फेट चिकटवतं. मग मिग-१ केंद्रकाबाहेर जातं. ब्रेक सुटला, काम सुरू!

मी कोड लिहिणारा, त्यामुळे मला हे इफ-एल्ससारखं दिसतं. फक्त इथं प्रोग्राम चालवणारा कुणी नाही. प्रथिनं एकमेकांना चिकटतात, सुटतात, आणि त्यातूनच निर्णय होतो.

गॅलॅक्टोज या साखरेचं बघा. ते खाण्यासाठी लागणारी जनुकं चालू करणारं गॅल-४ प्रथिन डीएनएवर आधीच बसलेलं असू शकतं, पण गॅल-८० त्याला दाबून धरतं. गॅलॅक्टोज आलं की गॅल-३ हे गॅल-८०ला दूर करतं, आणि प्रती सुमारे हजार पटीनं वाढतात. पण सोबत भरपूर ग्लुकोज असेल तर नाही! आधी सोपं खाणं संपवायचं. आयआयटी मुंबईतल्या पी. जे. भट यांनी याच व्यवस्थेवर वर्षानुवर्षं संशोधन केलं. २००८ मध्ये त्यांचं यावर पुस्तकही आलं.

आता याचा आपल्याशी काय संबंध? एसएनएफ-१चा भाऊबंद आपल्या पेशींतही आहे, त्याचं नाव एएमपीके. शुगरवाल्यांच्या घरात असते ती मेटफॉर्मिनची गोळी जी कामं करते, त्यातलं एक म्हणजे या एएमपीकेला जागं करणं. ऊर्जा कमी पडली की पेशीनं काय करायचं, याचा हिशोब मळीतल्या यीस्टचा आणि आपला बराचसा एकच आहे.