न वाचता दिलेला कौल

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९३वे अधिवेशन १० ते १२ जानेवारी २०२० या काळात उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिव शहरात भरले. संमेलनस्थळाला जिल्ह्यातील तेरचे थोर संत गोरोबा काका यांचे नाव देण्यात आले होते आणि अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांची निवड जाहीर झाली आणि प्रतिक्रियांचा ओघ सुरू झाला. अभिनंदन झाले, तसेच निषेधाचे आणि धमकीचे दूरध्वनीही आले. संमेलनाचे उद्घाटक कविवर्य ना. धों. महानोर यांनी उस्मानाबादला जाऊ नये, यासाठीही दबाव आणला गेला. महानोर आले, त्यांनी उद्घाटन केले आणि संमेलन पार पडले. वाद विरला. मात्र त्या काही महिन्यांत जे बोलले गेले, त्यातून निर्माण झालेला एक प्रश्न अजून विचार करण्यासारखा आहे. लेखकाविषयी एवढे बोलणे झाले, त्यात त्याच्या लेखनाविषयी किती होते?

विरोधाचा मुख्य मुद्दा असा होता की, दिब्रिटो हे ख्रिस्ती धर्मगुरू आहेत आणि धर्मकार्य करणाऱ्या व्यक्तीला साहित्याच्या व्यासपीठावर सर्वोच्च मान देऊ नये. हा प्रश्न विचारण्यास कोणाचीही हरकत असण्याचे कारण नाही. परंतु त्याचे उत्तर पाद्रीच्या झग्यात सापडत नाही, ते पुस्तकांत शोधावे लागते. ‘सुवार्ता’ या मराठी मासिकाचे संपादन त्यांनी सुमारे पाव शतक केले. ‘ओअ‍ॅसिसच्या शोधात’, ‘नाही मी एकला’ हे आत्मकथन आणि ‘सुबोध बायबल’ ही त्यांची पुस्तके ग्रंथालयांत होती. ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कारही लाभला होता. या पुस्तकांत प्रचार किती आणि साहित्य किती, याचा हिशेब मांडून कोणी विरोध केला असता, तर तो कितीही कठोर असला तरी वाङ्मयीन विरोध ठरला असता.

तसा विरोध करणाऱ्याला सामग्रीची वाण नव्हती. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रसिद्ध झाले. विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूर येथून १८११ मध्ये नव्या कराराचे मराठी भाषांतर काढले. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अनेक वर्षे खर्चून केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ साली बाहेर आले. या परंपरेत दिब्रिटो यांची मराठी कोठे बसते? ती कॅरींच्या मराठीपेक्षा किती मोकळी आहे, रमाबाईंच्या मराठीपासून किती दूर गेली आहे, वसईच्या बोलीचा तिला स्पर्श आहे की नाही? असे प्रश्न विचारले गेले असते तर संमेलनाचे तीन दिवस अपुरे पडले असते. त्याऐवजी ‘अध्यक्ष कोण’ या एकाच प्रश्नाभोवती चर्चा फिरत राहिली.

येथे दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ज्यांनी अभिनंदन केले, त्यांतील अनेकांच्या अभिनंदनाचे स्वरूपही फारसे वेगळे नव्हते. ‘एका धर्मगुरूची निवड झाली, महाराष्ट्र किती उदार!’ या आनंदात समाजाचे कौतुक होते, पण पुस्तकाचा पत्ता तेथेही नव्हता. शिवी आणि स्तुती या दोन टोकांच्या गोष्टी वाटतात. पण दोहोंनी पुस्तक उघडलेलेच नसेल, तर त्यांचे मोल सारखेच ठरते.

कौल आधी, वाचन नंतर

हा प्रकार उस्मानाबादपुरता नाही. त्याच्या एकच वर्ष आधी, जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या संमेलनाच्या उद्घाटनासाठी ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण आयोजकांनी मागे घेतले. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेच्या हस्ते मराठी संमेलनाचे उद्घाटन कशाला, असा आक्षेप घेतला गेला होता. त्यांचे भाषण व्यासपीठावरून झालेच नाही. पुढे ते छापून आले आणि बहुतेकांनी ते त्यानंतर वाचले. म्हणजे कौल आधी लागला आणि कागद नंतर हाती आला.

उथळ प्रतिसाद हा अल्पशिक्षितांचा दोष आहे, अशी एक समजूत आढळते. इतिहास तिला दुजोरा देत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्याइतका व्यासंगी टीकाकार एकोणिसाव्या शतकात विरळा. १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’ने मराठी गद्याला वळण दिले. पण महात्मा फुले यांच्या पुस्तकांचा समाचार घेताना शास्त्रीबुवांच्या लेखणीचा मोठा भर व्याकरणाच्या चुकांवर आणि भाषेच्या ओबडधोबडपणावर राहिला. शेतकऱ्याच्या आणि शूद्रातिशूद्रांच्या स्थितीविषयी फुले जे सांगत होते, ते खरे की खोटे, हा मूळ प्रश्न त्या उपहासात मागे पडला.

याउलट फुले यांनी स्वतः दिलेला एक प्रतिसाद पाहण्याजोगा आहे. १८८५ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची दुसरी सभा भरली. पहिली १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने झाली होती. दुसऱ्या सभेचे निमंत्रण आल्यावर फुले यांनी नकार कळविणारे पत्र लिहिले. त्याचा सूर सौम्य नव्हता. परंतु त्यात ग्रंथकारांच्या जातीला वा पेहरावाला नुसती शिवी नव्हती. ज्यांच्या ग्रंथांत बहुसंख्य कष्टकऱ्यांचे जगणे येत नाही आणि ज्यांना त्यांच्या हक्कांची पर्वा नाही, त्यांच्या सभेत बसून काय साधणार, असा सरळ मुद्दा त्यात होता. तो मुद्दा मराठी साहित्याला पुढे शंभर वर्षे पुरला. दलित आणि ग्रामीण साहित्याच्या चळवळी त्याच प्रश्नावर उभ्या राहिल्या. प्रतिसाद कडू आहे की गोड, यावर त्याची प्रत ठरत नाही, हे या एका पत्रावरून स्पष्ट होते.

तेरच्या अंगणातील परीक्षा

मग प्रत ठरते कशावर? याचे उत्तर ज्या संताचे नाव संमेलननगरीला दिले होते, त्याच्याच कथेत आहे. परंपरा सांगते की, तेरला गोरोबा काकांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंचे लक्ष कोपऱ्यातील थापटण्याकडे गेले. हे कशाचे साधन, असे त्यांनी विचारले. मडके कच्चे की पक्के हे याने कळते, असे काकांनी सांगितले. तेव्हा, आम्हीही मडकीच आहोत, आमचीही परीक्षा घ्या, असा मुक्ताबाईंनी आग्रह धरला. काकांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. इतर सारे शांत राहिले. नामदेव मात्र रागावले आणि हे मडके कच्चे आहे, असा निर्णय काकांनी दिला.

कथेचे पारमार्थिक अर्थ अनेकांनी सांगितले आहेत. तथापि व्यवहाराच्या दृष्टीनेही तिच्यात बरेच आहे. परीक्षा करणारा कुंभार आहे. मातीशी त्याचा रोजचा संबंध आहे. त्याने एकाला वाजवून साऱ्यांचा निकाल लावला नाही, प्रत्येकावर हात ठेवला. मडक्याचा रंग किंवा त्यावरची नक्षी न पाहता त्याने आतून येणारा नाद ऐकला. आणि थापटण्याऐवजी दगड घेतला नाही. दगडाने मडके फुटते, पण ते कच्चे होते की पक्के, हे कळत नाही. उन्हाळ्यात माठ घेणारी गृहिणीसुद्धा बोटाने टिचकी मारून खणखणीत आवाज येतो की बद्द, हे ऐकते आणि मगच पैसे देते. पुस्तकाच्या बाबतीत मात्र ही टिचकी मारण्याचे कष्ट अनेकांना नकोसे होतात.

कथेचा उत्तरार्ध तितकाच महत्त्वाचा आहे. नामदेव दुखावले, विठ्ठलाकडे तक्रार घेऊन गेले आणि अखेर औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांना शरण गेले. त्यांना गुरू मिळाला. पुढे याच नामदेवांची वाणी पंजाबापर्यंत पोहोचली आणि गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदे समाविष्ट झाली. म्हणजे कठोर अभिप्रायाने कमीपणा येण्याऐवजी वाट सापडली. परीक्षकाला नाद कळत होता आणि परीक्षा देणाऱ्यात अखेर ते ऐकण्याचे बळ होते, म्हणून हे घडले.

हलक्या प्रतिसादाची किंमत

वाचण्यास वेळ लागतो, मत देण्यास लागत नाही. उथळ प्रतिसादाचे मूळ या साध्या व्यवहारात आहे. तीनशे पानांचे पुस्तक वाचण्यास आठवडा जातो. त्याच्या लेखकाची जात, धर्म, गाव किंवा पक्ष विचारण्यास क्षणभर पुरतो. त्यातून प्रतिसाद देणाऱ्याला लेखकाशी बोलायचे नसते, आपल्या गटाला आपण कोणत्या बाजूचे आहोत हे दाखवायचे असते. अशा वेळी पुस्तक हे केवळ निमित्त ठरते. ‘अप्रतिम’, ‘भन्नाट’, ‘काळजाला भिडले’ ही विशेषणेही पुष्कळदा याच वर्गात मोडतात. ती कोणत्याही पुस्तकाला चिकटवता येतात, म्हणून कोणत्याही पुस्तकाविषयी काही सांगत नाहीत.

याचे नुकसान लेखकाच्या दुखावलेल्या मनापुरते राहत नाही. निकृष्ट प्रतिक्रियांचा मारा सतत होऊ लागला की, लेखक कान बंद करून घेतो आणि मग त्या गोंगाटात आलेला एखादा नेमका, उपयोगी आक्षेपही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पोकळ स्तुतीने वेढलेला लेखक तीच चूक पुढच्या पुस्तकात करतो. समंजस वाचकही, या कोलाहलात आपण कशाला बोलावे, असे म्हणून मागे सरतो. भाषेला स्वतःची पारख करण्याची जी सवय लागते, ती अशाने हळूहळू मोडते.

ही सवय जपणारी माणसे आणि संस्था मराठीत होत्या. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची लेखकांना जाणारी पत्रे प्रसिद्ध आहेत. कथा कोठे सैल पडते, शेवट का पटत नाही, हे ते सविस्तर लिहून कळवीत. त्या पत्रांनी काही लेखक चिडले, अनेक घडले. त्याच ‘सत्यकथे’ची १९६९ मध्ये तरुण लेखकांनी होळी केली. पण राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अंक न वाचता पेटवला नव्हता. प्रस्थापित वाङ्मयीन अभिरुचीवरचे त्यांचे आक्षेप लेखी आणि मुद्देसूद होते. आग भडक होती, तरी तिच्यामागे वाचन होते.

न्यायालयानेही एकदा हाच धडा दिला आहे. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. खाली दोषी ठरलेले काकोडकर १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निर्दोष सुटले. आक्षेपार्ह ठरवलेला मजकूर संपूर्ण कृतीच्या संदर्भात ठेवून पाहिला पाहिजे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. सुटी वाक्ये उचलून निकाल देता येत नाही, हे ज्या न्यायाधीशांपुढे फाइलींचे ढीग असतात त्यांना मान्य आहे. मग फावल्या वेळात मत देणाऱ्याने ते मान्य करण्यास अडचण नसावी.

यावर उपाय म्हणून कोणी वाचकांचे तोंड बंद करण्याचा सल्ला देईल, तर तो रोगापेक्षा वाईट ठरेल. सर्व प्रतिसाद गोड असावेत, ही अपेक्षाही चुकीची आहे. मत मांडण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला तीन प्रश्न विचारले तरी पुरे: आपण ही कृती पूर्ण वाचली आहे काय? आपले म्हणणे या कृतीतील एखाद्या ठिकाणावर बोट ठेवून दाखवता येईल काय? लेखकाचे नाव झाकले, तर आपले मत हेच राहील काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर टीका कितीही धारदार असू द्यावी, ती लेखकाच्या आणि भाषेच्या कामी येते.

फादर दिब्रिटो यांचे २५ जुलै २०२४ रोजी निधन झाले. धमक्या देणारे गप्प झाले आणि हारतुऱ्यांची फुलेही सुकून गेली. ‘सुबोध बायबल’ची पाने मात्र ग्रंथालयांत आहेत. त्यांतील मराठी चांगली की कृत्रिम, विवेचन मोकळे की प्रचारकी, याविषयी वाचून मत देणाऱ्याला अद्याप उशीर झालेला नाही.