मुळं नसलेला नेचा

बहारीनच्या उन्हात नेचे जगतात ते सावलीतल्या, रोज पाणी मिळणाऱ्या कुंडीत. अशा कुंड्यांत जगभर एक पाहुणा न बोलावता उगवतो. त्याचं नाव सायलोटम. आपल्या पश्चिम घाटातही तो रानात वाढतो.

नुसत्या हिरव्या काड्या, दोन-दोन फाटे फुटत गेलेल्या, आणि त्यांवर बीजाणूंच्या पिवळ्या गाठी. खरी पानं नाहीत, मुळंही नाहीत. जमिनीखालच्या खोडात राहणारी बुरशी त्याला पोषण मिळवून देते.

स्कॉटलंडमध्ये सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या अशाच बिनपानांच्या वनस्पतींचे जीवाश्म सापडले. त्यामुळे सायलोटम त्यांचाच वारस, असं अनेक शास्त्रज्ञ मानत. डीएनएने वेगळंच सांगितलं. २००१ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात सायलोटम नेच्यांच्याच कुळात बसला. त्याचा जवळचा नातेवाईक निघाला ऑफिओग्लोसम, पावसाळ्यात सड्यांवर दिसणारा, एकाच साध्या पानाचा!

म्हणजे सायलोटम आदिम राहिलेला नाही. त्याच्या पूर्वजांना मुळं-पानं होती; ती पुढे गळाली. साधं दिसतं ते जुनंच असतं, असं नाही.

तेव्हा कुंडीत अशा काड्या दिसल्या, तर उपटण्याआधी मुलांना दाखवा. भेटू पुढच्या भागात!