ईमेल खाते : उघडणे आणि ताब्यात ठेवणे

फुकट ईमेल खाते उघडायला दहा मिनिटे पुरतात. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश, सीईटीची नोंदणी, सरकारी भरतीचा अर्ज किंवा पासपोर्टची अपॉइंटमेंट यांपैकी काहीतरी अडले की अनेकांचे पहिले खाते निघते, आणि तेही पुष्कळदा महा ई-सेवा केंद्रात किंवा सायबर कॅफेत, मागे रांग उभी असताना. केंद्रचालक भराभर टाइप करतो, अर्जदार शेजारी बसून नाव आणि जन्मतारीख सांगतो. अर्ज जातो, पावती छापून हातात पडते. त्या खात्याचा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे आणि त्यात मोबाइल नंबर कोणाचा घातला, हे त्या घाईत कोणी पाहत नाही. खाते कोणाचे, हे मात्र याच दोन गोष्टींवर ठरते.

वेबवरच्या ईमेलमध्ये पत्रे वापरणाऱ्याच्या संगणकावर राहत नाहीत. ती सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असतात आणि ब्राउझर किंवा ॲप ती फक्त उघडून दाखवते. म्हणूनच घरचा संगणक, ऑफिसचा संगणक आणि मोबाइल तिन्हीकडे तीच पत्रे दिसतात. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा ईमेलचा पत्ता इंटरनेटच्या जोडणीबरोबर मिळे. जोडणी बंद झाली की पत्ताही जाई. ही गाठ सोडवली ती वेबमेलने. बंगळुरूत वाढलेले सबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी अमेरिकेत हॉटमेल सुरू केले. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. मुंबईच्या रेडिफने दिलेले रेडिफमेलचे पत्ते महाराष्ट्रातल्या जुन्या दुकानांच्या पाट्यांवर आणि लेटरहेडवर अजून दिसतात. गूगलने १ एप्रिल २००४ रोजी जीमेल जाहीर केले, तेव्हा हॉटमेल २ एमबी जागा देत होते आणि जीमेल १ जीबी देऊ करत होते. तारीख पाहून अनेकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली. सुरुवातीला जीमेलचे खाते आमंत्रणावरच मिळे. २००७ पासून ते सर्वांना खुले झाले. आज अँड्रॉइड फोन नीट वापरायचा तर गूगलचे खाते लागतेच, त्यामुळे पुढील माहिती जीमेल समोर ठेवून दिली आहे. इतर सेवांतही क्रम थोड्याफार फरकाने हाच असतो.

नवे खाते काढण्याआधी जुने आहे का, ते पाहावे. फोन घेताना दुकानदाराने तो ‘चालू करून’ दिला असेल, तर त्याने बहुधा एक जीमेल खाते उघडलेले असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये खात्यांच्या यादीत, किंवा जीमेल ॲपच्या उजव्या कोपऱ्यातल्या गोलावर बोट ठेवले की तो पत्ता दिसतो. पासवर्ड बदलून घेता येत असेल आणि नाव धड असेल, तर तेच खाते पुढे चालवावे. नाहीतर नवे काढलेले बरे.

नोंदणीच्या फॉर्मवर पहिल्यांदा नाव आणि आडनाव विचारतात. पत्र मिळणाऱ्याला हेच नाव दिसते, म्हणून लाडाचे नाव किंवा नुसती आद्याक्षरे इथे घालू नयेत. पुढे जन्मतारीख. ती खरी द्यावी, कारण १३ वर्षांखालील मुलांना स्वतःचे स्वतंत्र खाते मिळत नाही. त्यांचे खाते पालकांच्या देखरेखीखाली काढावे लागते. घाईत जन्मसालाऐवजी चालू साल पडले, तर गूगलच्या लेखी अर्जदार तान्हे बाळ ठरतो आणि गाडी तिथेच अडते.

मग येतो खरा विचाराचा भाग : पत्ता. ‘ॲट’ या चिन्हाच्या डावीकडचे नाव अर्जदाराने निवडायचे असते. ते ६ ते ३० अक्षरांचे असावे लागते आणि त्यात रोमन अक्षरे, अंक आणि टिंब एवढेच चालते. जोडरेघ किंवा अंडरस्कोअर चालत नाही. टिंबाला जीमेल मोजत नाही. नाव आणि आडनाव यांच्यामध्ये टिंब दिले काय, न दिले काय, पत्र त्याच पेटीत पडते. दुसऱ्या कोणी घेतलेले नाव मिळत नाही. त्याने खाते बंद केले असले, तरीही ते पुन्हा कोणाला दिले जात नाही. त्यामुळे सरळ ‘नाव-आडनाव’ असा पत्ता आता क्वचितच शिल्लक असतो.

मराठी माणसाजवळ यावर तयार तोडगा आहे. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीनपदरी पद्धत इथे आहेच. मधल्या नावाचे पहिले अक्षर घातले की नवा पत्ता सहसा सापडतो. गावाचे नावही जोडता येते. जन्मसाल जोडण्याची सवय मात्र टाळावी, कारण पत्ता दहा ठिकाणी जातो आणि त्याबरोबर वयही. स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेवर किंवा आधार कार्डावर आहे तेच ठेवावे. पाटीलमध्ये एक ‘आय’ की दोन ‘ई’, स्वातीत ‘डब्ल्यू’ की ‘व्ही’ असे प्रश्न मग दर वेळी पडत नाहीत. शून्य आणि ‘ओ’, एक आणि धाकटा ‘एल’ हे छापील कागदावर एकसारखे दिसतात. ते शेजारी शेजारी आणू नयेत. पत्ता चांगला की वाईट याची एक सोपी परीक्षा आहे : फोनवर एकदाच सांगून समोरच्याला तो बरोबर लिहून घेता आला पाहिजे. ‘कूल’, ‘रॉकस्टार’, ‘किंग’ असले शब्द कॉलेजात शोभतात. पुढे तेच नोकरीच्या अर्जावर मिरवावे लागतात.

पासवर्ड किमान ८ अक्षरांचा लागतो. मोबाइल नंबर, मुलांची नावे, गाडीचा क्रमांक, आडनावापुढे १२३ हे पासवर्ड ओळखीच्या माणसाला पाच मिनिटांत सुचतात. लांबी ही अवघड चिन्हांपेक्षा जास्त कामाची असते. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द रोमन अक्षरांत ओळीने लिहिले आणि मध्ये एखादा अंक टाकला, तर तो पासवर्ड ध्यानात राहतो आणि फोडायलाही जड जातो. तो अर्जदाराने स्वतःच्या हाताने टाइप करावा. केंद्रचालकाला कीबोर्ड पुढे सरकवायला सांगण्यात संकोच वाटू नये. एटीएमचा पिन जसा दुसऱ्याकडून दाबून घेत नाहीत, तसेच हे. ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या कुठल्याही संकेतस्थळावर वापरू नये, कारण बाकीच्या खात्यांचे विसरलेले पासवर्ड बदलायची लिंक ईमेलवरच येते. मेलपेटी ज्याच्या हातात, त्याच्या हातात उरलेली सगळी खाती.

यानंतर मोबाइल नंबर पडताळला जातो. पद्धत दर वेळी सारखी नसते. कधी ‘जी’ आणि आडवी रेघ यांपुढे सहा आकडे असलेला संदेश येतो आणि ते आकडे चौकटीत भरायचे असतात. कधी पडद्यावरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन करावा लागतो. एकाच नंबरावर किती खाती पडताळायची, याला मर्यादा आहे. केंद्रात कधी कधी ‘हा नंबर खूप वेळा वापरला आहे’ असा संदेश झळकतो, तो यामुळेच : चालकाने आल्या-गेल्याची खाती स्वतःच्या नंबरावर काढलेली असतात. काम झटपट होते, पण पासवर्ड विसरला की परत मिळवण्याचा कोड त्या चालकाच्या फोनवर जातो. वर्षभराने हॉल तिकिटाचा मेल उघडायची वेळ येते, तेव्हा केंद्र दुसऱ्या गल्लीत गेलेले असते आणि नंबर बंद.

म्हणून खाते परत मिळवण्यासाठीचा नंबर स्वतःचा किंवा घरातल्या भरवशाच्या माणसाचा असावा. त्याच्या जोडीला दुसरा ईमेल पत्ताही देता येतो. आईचा, भावाचा, पतीचा किंवा पत्नीचा पत्ता चालतो. सिम बदलले, तर खात्यातला नंबर त्याच आठवड्यात बदलावा, कारण बंद पडलेले नंबर मोबाइल कंपन्या काही काळाने दुसऱ्या ग्राहकांना देतात. द्विस्तरीय पडताळणी चालू केली, तर नुसत्या पासवर्डवर खाते उघडत नाही. फोनवरची संमती किंवा कोडही लागतो. त्याबरोबर ८ आकडी १० राखीव कोड मिळतात. ते छापून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावेत. फोन हरवला, तर त्यांचाच आधार असतो.

शेवटी अटी मान्य केल्या की पेटी उघडते. आत गूगलचे एखादे स्वागतपत्र पडलेले असते. सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा मराठी निवडता येते. डावीकडच्या यादीत आलेली पत्रे, पाठवलेली पत्रे, अर्धवट राहिलेले मसुदे, स्पॅम आणि कचरापेटी असे भाग असतात. स्पॅम आणि कचरापेटीतली पत्रे ३० दिवसांनी आपोआप पुसली जातात. आलेली पत्रेही जीमेल मुख्य, सोशल, जाहिराती अशा कप्प्यांत विभागते. ‘मेल आलाच नाही’ या तक्रारीत मेल पुष्कळदा जाहिरातींच्या कप्प्यात किंवा स्पॅममध्ये सापडतो. भरतीचा किंवा प्रवेशाचा अर्ज केल्यावर हे दोन कप्पे आठवड्यातून एकदा तरी चाळावेत. योग्य मेल स्पॅममध्ये सापडला, तर ‘हे स्पॅम नाही’ हे बटण दाबावे; पुढचे मेल सहसा नीट येऊ लागतात.

पहिले पत्र स्वतःलाच पाठवून पाहावे. ‘कंपोज’ दाबले की पत्राची चौकट उघडते. वरच्या ओळीत ज्याला पाठवायचे त्याचा पत्ता, खाली विषय, त्याखाली मजकूर. विषयाची ओळ कोरी सोडण्याची सवय मोबाइलवरच्या गप्पांतून येते. कार्यालयातल्या माणसापुढे रोज शंभर पत्रे असतात, त्याला विषयावरूनच कळते की काय आधी उघडायचे. ‘अर्ज’ एवढेच लिहिण्याऐवजी ‘कनिष्ठ लिपिक पदासाठी अर्ज’ आणि पुढे अर्जाचा क्रमांक लिहावा. मजकूर मराठीत युनिकोडमध्ये टाइप केला, तर तो कोणत्याही फोनवर वाचता येतो. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर पाठवला, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर विचित्र चिन्हांची रांग दिसते. तसा मजकूर पीडीएफ करून जोडावा.

जोडपत्रांना मिळून २५ एमबीची मर्यादा आहे. फोनने काढलेले कागदपत्रांचे फोटो एकेक तीन-चार एमबीचे असतात, त्यामुळे आठ-दहा फोटोंतच मर्यादा संपते. सगळी पाने एका पीडीएफमध्ये स्कॅन केली, तर आकार उतरतो आणि वाचणाऱ्याचीही सोय होते. २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जीमेल ‘ड्राइव्ह’ या गूगलच्याच ऑनलाइन साठवणीत चढवते आणि पत्रात फक्त लिंक जाते. अशा वेळी ती लिंक पत्र मिळणाऱ्याला पाहता येईल, अशी परवानगी दिली आहे ना, हे तपासावे. नाहीतर फाइल उघडण्याऐवजी परवानगीची विनंती उलट येते.

एकच पत्र अनेकांना पाठवायचे असते, तेव्हा ‘सीसी’ आणि ‘बीसीसी’ यांतला फरक कळायला हवा. सीसीमधले पत्ते सर्वांना दिसतात, बीसीसीमधले कोणालाही दिसत नाहीत. गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवाने सभेची नोटीस साठ सभासदांना पाठवताना पत्ते बीसीसीत घातले, तर सर्वांचे पत्ते सर्वांच्या हाती पडत नाहीत, आणि कोणी ‘सर्वांना उत्तर’ दाबून थकबाकीची भांडणे साठ घरांत पोचवत नाही. पाठवा हे बटण दाबल्यावर पाच सेकंदांपर्यंत पत्र थांबवता येते. सेटिंग्जमध्ये ही मुदत तीस सेकंदांपर्यंत वाढवता येते. ती पहिल्याच दिवशी वाढवून ठेवावी. जोडपत्र विसरल्याचे नेमके त्याच अर्ध्या मिनिटात आठवते.

ही सेवा फुकट असली, तरी तिचा खर्च कोणीतरी भरतच असते. जीमेलमध्ये तो मुख्यतः जाहिरातींतून निघतो. पत्रांचा मजकूर वाचून जाहिराती ठरवणे बंद करणार असल्याचे गूगलने २०१७ मध्ये जाहीर केले. जागा १५ जीबी मिळते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटो या तिघांत मिळून असते. फोनवरचे लग्नाचे व्हिडिओ आपोआप फोटोमध्ये चढत राहिले, तर जागा त्यांनीच भरते आणि नवी पत्रे येणे थांबते. त्यासाठी पैसे भरण्याआधी मोठे व्हिडिओ आणि जुनी जड जोडपत्रे काढून टाकावीत. दोन वर्षे सलग न वापरलेले खाते गूगल आतल्या मजकुरासह काढून टाकू शकते, म्हणून क्वचित लागणारे खातेही अधूनमधून उघडावे.

पत्ता चार ठिकाणी गेला की फसवी पत्रेही येतात : वीज तोडण्याची धमकी, अडकलेले पार्सल, आयकराचा परतावा, न भरलेल्या अर्जावर मिळालेली नोकरी. पाठवणाऱ्याचे दिसणारे नाव कोणीही काहीही ठेवू शकतो. त्यावर बोट ठेवून मूळ पत्ता पाहिला की बँकेच्या नावाने आलेले पत्र एखाद्या फुकट खात्यावरून आल्याचे कळते. अशा पत्रातली लिंक उघडू नये आणि पासवर्ड किंवा ओटीपी कोणालाही देऊ नये. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावे. जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम थांबण्याची शक्यता अधिक.

केंद्रातल्या किंवा दुसऱ्याच्या संगणकावर खाते उघडले असेल, तर उठण्यापूर्वी साइन आउट करावे. नुसती खिडकी बंद करून खाते बंद होत नाही. ‘पासवर्ड जतन करायचा का’ असे ब्राउझर विचारतो, त्याला ‘नको’ म्हणावे. विसर पडलाच, तर घरी येऊन फोनवरून खात्याच्या सुरक्षा विभागात जावे. तिथे खाते कोणकोणत्या उपकरणांवर उघडे आहे, याची यादी असते आणि नको ते तिथूनच बंद करता येते. ज्यांचे खाते दुसऱ्याने काढून दिले आहे, त्यांनी त्याच विभागात आजच तीन गोष्टी कराव्यात : पासवर्ड बदलावा, मोबाइल नंबर स्वतःचा आहे ना ते पाहावे आणि अनोळखी उपकरणे काढून टाकावीत.